इंजिन चालून बिघडत नाही, बसून बिघडतं

हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल, नाहीतर जेवणानंतर पडल्या पडल्या ऐकत असाल. आजचा विषय जरा वेगळा आहे. होडीचं इंजिन पावसाळ्यासाठी बंद करून कसं ठेवायचं, आणि ते नीट न केल्यामुळे मी आमच्या काकांचा सीझन कसा खाल्ला, त्याची गोष्ट.

आमचं गाव मालवणजवळ. काकांकडे फायबरची छोटी होडी आहे, तिला मागे टांगलेलं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. गावात त्याला नुसतं 'मशीन' म्हणतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस मासेमारी बंदी असते. त्याआधी होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या आणि मशीन घरात आणायचं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा कामाला सुरुवात.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी घरून काम करत होतो. काकांना म्हटलं, "या वेळी मशीन मी ठेवतो, तुम्ही बघू नका." दोन व्हिडिओ पाहिले. दोन्ही थंड देशांतले, बाहेर बर्फ, गॅरेजमध्ये बोट. त्यांनी सांगितलं की टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. मी भरली. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर टाका म्हणाले. ते मालवणात मिळालं नाही, म्हणून सोडून दिलं. बोट प्लास्टिकमध्ये गुंडाळा म्हणाले. मी मशीनला ताडपत्री घट्ट बांधली, हवा जायला फट ठेवली नाही. म्हणजे काय केलं? कोड कॉपी-पेस्ट केला, वाचला नाही.

ऑगस्टमध्ये सगळ्या होड्या गेल्या, आमची किनाऱ्यावर. दोरी ओढून ओढून काकांचा खांदा सुजला. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला तर आत चिकट थर, जेट बंद. टाकीच्या तळाशी पाणी. गिअरचं तेल दुधाळ चहासारखं. नऊ दिवस मशीन खोललेलं पडलं होतं, आणि त्या नऊ दिवसांत काका दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेले. स्वतःची होडी असलेला माणूस! खर्च मी दिला, पण तो मुद्दा नव्हता. ते मला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मेल्या, थय बरफ पडता, हय पावस पडता."

सगळं उत्तर त्या वाक्यात आहे. थंड देशात भीती गोठण्याची असते. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण 9 टक्के फुगतं. गिअरच्या डब्यात पाणी राहिलं तर तो डबा तडकतो. आपल्याकडे काही गोठत नाही. आपले शत्रू तीन: आत राहिलेलं मीठ, दमट हवा आणि शिळं पेट्रोल. पायऱ्या बऱ्याचशा त्याच, कारणं वेगळी. कारण माहीत असलं की कोणती पायरी सोडता येते आणि कोणती नाही, ते कळतं.

मागच्या वर्षी काकांबरोबर बसून केलं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, गोडं पाणी. पंखा काढायचा, मशीन पिंपात उभं करायचं, पाणी ओढायची जाळी पूर्ण बुडली पाहिजे. मोकळ्या जागेत, कारण धूर असतो. कमी वेगावर दहा-पंधरा मिनिटं चालवायचं. मागून पाण्याची बारीक धार येते ना, ती बघत राहायची. धार नसेल तर लगेच बंद. पाण्याशिवाय चालवलं की आतला रबरी इम्पेलर बघता बघता जळतो.

दुसरं, पेट्रोल. मशीन पिंपात चालू असतानाच पेट्रोलची नळी काढायची आणि ते आपोआप बंद पडू द्यायचं. मग कार्बोरेटरचा खालचा स्क्रू उघडून उरलेले थेंब काढायचे. टाकी रिकामी. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतली नळी तिथूनच तर ओढते!

तिसरं, सिलिंडर. किल स्विचची दोरी काढून ठेवायची, प्लग काढायचे, प्रत्येक भोकात चमचाभर टू-टी ऑइल. स्टार्टरची दोरी चार-पाच वेळा हळू ओढायची, म्हणजे भिंतींना तेलाचा थर बसतो. मग प्लग परत लावायचे.

चौथं, गिअर ऑइल. आधी खालचा स्क्रू, मग वरचा. तेल दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय, सील बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. आमचं सील तंगूसाने कापलं होतं, पंख्याच्या दांड्याला गुंडाळून बसलेला. नवं तेल खालून भरायचं, वरून बाहेर येईपर्यंत. बंद करताना आधी वरचा स्क्रू, मग खालचा. वॉशर नवे. दांड्याला ग्रीस.

शेवटचं, जागा. मशीन उभंच ठेवायचं, म्हणजे आतलं पाणी निथळतं. वर जुनी सुती चादर. कोकणात पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवाच ओली असते. प्लास्टिकने ती बाहेर राहत नाही, आत कोंडते.

आणि एक माझी भर. मशीनवर कागदी टेप लावून लिहिलं: पेट्रोल नाही, तेल नवीन, पंखा माळ्यावर, तारीख. काका हसले. पण ऑगस्टमध्ये आधी टेप वाचला, मगच दोरीला हात घातला. चौथ्या ओढीला मशीन लागलं. अंगणभर पांढरा धूर, काकू आतून ओरडतायत, आणि काका म्हणतायत, "चलता तवसर खराब होणा नाय रे, बसला काय कुजता."

यंदा त्यांचा फोन एप्रिलमध्येच आला. मशीनचं नाव काढलं नाही. विचारलं, "तिकीट काढलंस?" काढलंय. मेच्या शेवटच्या शनिवारी पिंप भरायचं आहे.

तुमच्या घरी होडी असेल तर हा भाग घरच्यांना ऐकवा. आणि त्यांची पद्धत वेगळी असेल, तर आधी कारण विचारा. मी विचारलं नव्हतं. भेटू पुढच्या भागात.