फोटो उभ्यानं काढा, पूर्ण पाठीचा



वाकलेल्या पाठीच्या ऑपरेशनवर बोलायचं, तर मी आधी एक्स-रेवर येणार. साठी ओलांडलेल्या आईला मुलगा घेऊन येतो. हातात एमआरआयची जाड पिशवी, पण सगळे फोटो झोपवून काढलेले. अहो, त्या माउलीचा त्रास सुरू होतो उभं राहिल्यावर! झोपलेल्या पाठीचा तोल कुठे ढळलाय, ते दिसणार कसं?

संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत आपण नंदीध्वज पाहतो. सात उंच काठ्या, बाराबंदी घातलेले मानकरी. काठी सरळ असेल तर भार थेट खाली उतरतो आणि मानकरी दमदार पावलं टाकतो. शेंडा जरा पुढे गेला, की कंबर, मांड्या, दंड सगळे पणाला लागतात. काठीचं वजन तर तेवढंच असतं!

पाठीचंही तसंच. मानेच्या सातव्या मणक्यापासून ओळंबा सोडला, तर तो कमरेखालच्या त्रिकास्थीच्या मागच्या कोपऱ्याजवळ यावा. ५ सेंटिमीटरहून जास्त पुढे पडला, की तोल ढळला असं आम्ही धरतो. मग नजर समोर राहावी म्हणून माणूस आधी कुल्हे मागे वळवतो, मग गुडघे वाकवतो. संध्याकाळी मांड्या भरून येतात आणि घरचे गुडघ्याला तेल चोळत बसतात. म्हणून सांगतो, फोटो उभ्यानं, डोक्यापासून मांडीपर्यंत, आणि बाजूनंसुद्धा.

बाजूनं का? ह्यूस्टनच्या डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली स्टीलच्या सळीची पद्धत प्रसिद्ध केली. मणक्याचा बाजूला गेलेला बाक तिनं आटोक्यात आला. पण सळी कमरेत खालपर्यंत नेली, तिथे ताण दिला, आणि कित्येकांच्या कमरेचा नैसर्गिक बाक सपाट झाला. काही वर्षांनी ती माणसं पुढे झुकली. समोरून फोटो सरळ, बाजूनं तोल गेलेला.

आता दुरुस्तीकडे येऊ. काठीचा शेंडा मागे आणायचा तर बुंध्याशी थोडं हललं तरी पुरतं. मणक्याचंही तसंच. तोच कोन जितक्या खालच्या मणक्यात द्यावा, तितकं धड जास्त मागे येतं. निरोगी कमरेच्या बाकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग चौथ्या कंबरमणक्याच्या खालीच असतो. एका मणक्यातून हाडाची पाचर काढली तर साधारण ३० अंश मिळतात. पण किती काढायचं? ज्याच्या त्याच्या कुल्ह्यांच्या हाडांची ठेवण वेगळी, आणि कमरेचा बाक त्या ठेवणीच्या मापाशी १० अंशांच्या आत जुळावा, असा सर्वसाधारण हिशेब. हे माप कशावर घेणार? उभ्या फोटोवर!

आणि हो, सत्तरीच्या आजींची पाठ पंचविशीतल्यासारखी ताठ करून मागू नका. वयाला थोडा झुकाव शोभतो, सोसतो. हट्टानं जास्त सरळ केलं, तर पाठीत बसवलेल्या स्क्रूंच्या वरचा मणका पुढे कोसळू शकतो.

एवढं मात्र ऐकाच. ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी हाडांची घनता मोजून घ्या. ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाही, आणि त्यावरचे उपचार आधी सुरू करता येतात.