हिवाळ्यातील पाखरे आणि शाळेचे अंगण



कार्तिक सरत आला की कडेगावच्या माळावर पहाटेचा गारठा वाढू लागतो. शाळेच्या आवारातील कडुनिंबावर चिमण्या पिसे फुगवून अंग चोरून बसलेल्या दिसतात. अशा वेळी एखादे मूल सहज विचारते, "गुरुजी, पाखरांना थंडी वाजत नाही का?" हा प्रश्न लहान दिसला, तरी त्यात शरीरशास्त्र, भूगोल, शेती व नीती असे चार पाठ दडलेले आहेत.

पक्ष्याच्या शरीराची उष्णता माणसाहून अधिक, सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. देह जितका लहान, तितकी त्याची उष्णता लवकर निघून जाते. पिसे फुगविली म्हणजे त्यांच्यामध्ये हवा कोंडते आणि तीच पक्ष्याची घोंगडी होते. परंतु आतील शेगडी पेटती ठेवावयास अन्न लागते. युरोपातील थंड देशांत हिवाळ्याचा दिवस फार लहान असतो, जमीन बर्फाने झाकली जाते, आणि एका रात्रीतच लहान पाखराची साठविलेली चरबी संपत येते. म्हणून तेथील लोक अंगणात दाणे व चरबीचे गोळे टांगतात. तेथे तो घास पुष्कळदा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

आपल्याकडे तशी स्थिती नाही, हे मुलांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. येरळेच्या खोऱ्यात मार्गशीर्ष-पौष हे दिवस शाळूच्या हुरड्याचे. शिवारात दाणा असतो, बांधावर गवताचे बी असते, बोरी फळांनी लगडलेल्या असतात. म्हणूनच दूर उत्तरेकडून धोबी पक्षी येथे उतरतात आणि मध्य आशियाकडील भोरड्यांचे थवे ज्वारीच्या रानावर येतात. तथापि ताकारी व टेंभू या उपसा योजनांचे पाणी आल्यापासून या भागात ऊस वाढला आहे. जेथे शाळूची वावरे कमी झाली, बांध नांगरले गेले व बोरी-बाभळी तुटल्या, तेथे दाणेखाऊ पाखरांचा आधारही तितकाच कमी झाला. शाळेच्या अंगणातील मूठभर दाण्याला अर्थ आहे तो येथे.

यापुढे एक अवघड गोष्ट येते. जे मूल सकाळी शाळेत पाखरांना दाणे टाकते, तेच सुटीच्या दिवशी शाळूच्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरविते. त्याच्या घरचे वर्षाचे धान्य त्या कणसांत असते. त्याला "पाखरे मारू नकोस, भूतदया ठेव" एवढेच सांगितले तर ते गुरुजींपुढे मान डोलावील आणि रानात जाऊन वेगळेच वागेल. शिकविलेले व जगलेले यांत अशी फूट पडणे शिक्षणास हितकारक नव्हे. शिक्षकाने राखणीचा हक्क मान्य करावा, आणि हाकलणे व मारणे यांतील भेद दाखवून द्यावा. दाणे टिपणारी चिमणी आपल्या पिलांना मात्र अळ्या व किडे भरविते. भोरडीही टोळ-नाकतोडे खाते. चीनमध्ये १९५८ साली धान्य वाचविण्यासाठी चिमण्या मारण्याची मोहीम निघाली. पुढे किडींचा उपद्रव वाढला आणि १९६० साली ती मोहीम आवरावी लागली. हे उदाहरण शेतकऱ्याच्या मुलाला उपदेशाहून लवकर पटते.

हाती गलोल असलेले मूल वाया गेले, असेही समजू नये. डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारण्यास ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलर्ड यांनी मुलाला रागावून परत पाठविले नाही. संग्रहातील पक्षी एकेक करून दाखविले. त्या मुलाचे पुढे भारतातील थोर पक्षिशास्त्रज्ञात रूपांतर झाले. प्रश्नाचे स्वागत करणारा एक वडीलधारा मनुष्य भेटणे, एवढेच कधी कधी पुरेसे असते.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. दाणे द्यावयाचे तर बाजरी, ज्वारी, राळे किंवा तांदळाची कणी मूठभर द्यावी. खारवलेले व तळलेले पदार्थ, शिळा आंबलेला भात, बुरशी आलेले शेंगदाणे देऊ नयेत. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे तर कदापि टाकू नये. ते विषच होय. जागा उंचावर, मांजराच्या झेपेपासून दूर, पण जवळ झुडूप असेल अशी निवडावी. उरलेले दाणे रोज झाडून काढावेत, कारण घाणीतून पाखरांत रोग पसरतात. दाण्याबरोबर उथळ मातीच्या परळात पाणी ठेवावे, मध्ये एक दगड असावा, आणि डास होऊ नयेत म्हणून ते रोज बदलावे. ही पाण्याची सोय फाल्गुनानंतर अधिकच अगत्याची होते. शाळू निघून जातो, ओढे आटतात, आणि नेमकी तेव्हाच शाळेस सुटी लागते. त्या दिवसांसाठी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या आधीच ठरवून द्याव्यात.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन. त्या सप्ताहात एक वही घालावी. तीत तारीख, वेळ, पक्षी व संख्या मुलांनीच लिहावी. पक्ष्यांची नावे घरच्या आजी-आजोबांना विचारून आणावीत. वर्षाअखेर त्या वहीतून गणिताचे आलेख व भाषेचे निबंध आपोआप निघतील.

मात्र दाणे टाकणे हा उपाय तात्पुरताच आहे. खरा उपाय देवराष्ट्रेजवळ पाहावयास मिळतो. उघड्या पडलेल्या डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडे उभी राहिली आणि १९८५ साली सागरेश्वर अभयारण्य झाले. जेथे झाड आहे, तेथे पाखराला कोणी वाढावे लागत नाही. शाळेच्या कुंपणाशी एक बोर, एक उंबर व एक पांगारा लावून जगविला, तर ती पुढील अनेक हिवाळ्यांची शिदोरी होईल.

आई लेकराला भरविताना एक घास चिऊचा, एक काऊचा म्हणते. तो घास घराबाहेर, अंगणात व पुढे शिवारात नेणे, हे शाळेचे काम आहे.