छाप पाहून भुलू नका, ताका उलगडून बघा



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. यंदा आम्ही गव्हाच्या शेवया केल्या आहेत. पिशवी कशी करायची, यावर बोलणं चाललं होतं. एक ताई म्हणाल्या, "वरती झकास रंगीत चित्र टाकू. पिशवी अर्ध्या किलोची दिसू दे, आत साडेचारशे ग्रॅम भरू. कोण मोजतंय?" कुणी हसलं, कुणी मान डोलावली. मला मात्र दीडशे वर्षांपूर्वीचा व्यापार आठवला. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, विलायतेत व्हिक्टोरिया राणी गादीवर होती. मँचेस्टर नावाच्या शहराच्या आसपास कापडाच्या गिरण्या धडधडत होत्या आणि तिथलं कापड बोटीनं मुंबईला उतरत होतं. पण आपल्या बायका काय नेसतात, हे त्या गिरणीवाल्यांना कसं कळावं? तर फोर्ब्स वॉटसन नावाच्या एका साहेबानं हिंदुस्थानातल्या कापडाचे ७०० नमुने गोळा केले. १८६६ साली त्यांचे १८ मोठे खंड तयार झाले. नुसती चित्रं नव्हेत, खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवलेले! असे २० संच केले. त्यातले १३ विलायतेत वाटले आणि ७ हिंदुस्थानात पाठवले.

त्या साहेबानं एक गोष्ट बरोबर हेरली होती. आपल्याकडे लुगडं, धोतर, पागोटं हे शिवत नाहीत, मागावरून उतरलं तसंच वापरतात. म्हणजे लांबी, रुंदी आणि काठ जमला की माल खपला. आपल्या विणकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची कला अशी नमुन्यांच्या वहीत बांधून परक्या गिरण्यांपुढे ठेवली गेली. आपल्या बायकांना कुणी काही विचारलं नाही, पण त्यांच्या अंगावरच्या लुगड्याचा अभ्यास मात्र बारकाईनं केला.

पुढची युक्ती चित्राची. कापडाच्या प्रत्येक ताक्यावर व्यापारी एक रंगीत कागद चिकटवायचे. त्यावर कधी लक्ष्मी, कधी गणपती, कधी बाळकृष्ण, कधी हत्ती नाहीतर वाघ. गिऱ्हाइकाला वाचता येत नसलं तरी चित्र ओळखता यायचं. एकदा माल पसंत पडला की पुढच्या वेळी तोच छाप मागायचा. विलायतेत १८७५ साली अशा छापांची नोंदणी करण्याचा कायदा झाला, म्हणजे एकाचा छाप दुसऱ्यानं चोरायचा नाही. छाप ही व्यापाऱ्याची इस्टेटच झाली म्हणा ना.

आता छापाखाली काय होतं, ते ऐका. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिकडचा कापूस विलायतेला येईना. कापूस महागला. तेव्हा पुष्कळ गिरण्यांनी सुताला खळ देताना त्यात पांढऱ्या मातीची भर घालायला सुरुवात केली. कापड हाताला जड लागे, दिसायला भरीव दिसे. पहिल्या धुण्यात माती निघून जाई आणि हाती विरविरीत फडकं उरे. कधी बोटीतच त्याला बुरशी धरे. युद्ध संपलं तरी ही सवय गेली नाही. तिकडच्या टॉडमॉर्डन गावच्या विणकरांनी तक्रार केली, की या मातीची धूळ आमच्या छातीत जाते. त्यावर १८७२ साली सरकारी डॉक्टरनं चौकशी केली. म्हणजे बघा, इकडे नेसणारी फसत होती आणि तिकडे विणणारी खोकत होती.

लांबीतही गडबड होई. म्हणून १८८९ साली हिंदुस्थानात कायदा झाला, की कापड किती वार आहे ते ताक्यावर ठळक छापलंच पाहिजे. आज आपण पाकिटावर निव्वळ वजन वाचतो ना, त्याच जातीचा हा नियम. तो उगाच आला नाही.

आपल्याकडे डोळे उघडे असलेली माणसंही होती. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांनी देशी कापडच वापरायचं व्रत घेतलं. १८७७ सालच्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे झगमगत होते आणि काका तिथे खादीच्या साध्या पांढऱ्या कपड्यांत गेले.

आता चहा. ग्लासगोच्या थॉमस लिप्टननं १८७१ साली पहिलं किराणा दुकान काढलं. जाहिरातीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नाताळात भलंमोठं चीज आणून त्यात सोन्याची नाणी दडवायचा, मग तुकडा घ्यायला झुंबड! १८९० साली तो सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेला आणि तिथे त्यानं चहाचे मळे घेतले. मळ्यातून थेट किटलीत, असं तो सांगू लागला. सुट्या चहाऐवजी ठरावीक वजनाची पाकिटं त्यानं स्वस्तात विकली. ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या सोयीचीच होती, ते मान्य करायला हवं. पण जाहिरातीत पाटी घेतलेली, चहा खुडणारी हसरी बाई असायची. तमिळ मुलखातून मजुरीला गेलेल्या त्या बायांना दिवसाकाठी काय मिळतं, हे पाकिटावर नसायचं.

आपल्या गावात चहा आला तो नंतर. राणी १९०१ साली वारली. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर पट्टी बसवली आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. लोकांना चहा करून पाजायचे, एका पैशाची पुडी विकायचे. आज आपल्याला चहाशिवाय सकाळ सुचत नाही.

तर बैठकीत मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, रंगीत चित्र जरूर टाकू. छाप वाईट नसतो, तो ओळख देतो. साडेचारशे ग्रॅम भरायचं तर ठळक साडेचारशे लिहू आणि भावही तसाच लावू. पण अर्ध्या किलोचा भास करायचा, ही त्या गिरणीवाल्यांची पांढरी मातीच झाली. त्या ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मागच्या बाजारात मीच चहाचं पाकीट घेतलं. सोबत वाटी फुकट होती म्हणून. वजन बघितलंच नाही." शेवटी ठरलं, पूर्ण अर्धा किलो भरायचा, आणि पिशव्या काट्यावर तोलायचं काम त्याच ताईंकडे दिलं.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीला एक वजनकाटा आणा. बाजारातली चार पाकिटं आणि तुमच्या गटाची चार पाकिटं त्यावर ठेवा. वजन, किंमत, तारीख मोठ्यानं वाचा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना शेजारी बसवून वाचून दाखवा. काय निघालं, ते आम्हाला जरूर कळवा.