परड्यांतील कोंबड्यांची राखण

रत्नागिरीच्या बाजूस कोणत्याही वाडींत दिवेलागणीच्या थोडें आधीं एक दृश्य हटकून दिसतें. घरची बाई ओंजळभर कण्या घेऊन मागच्या परड्यांत येते, ठराविक हाक घालते, आणि गडग्याच्या कडेनें, माडांच्या आळ्यांतून, उकिरड्यावरून कोंबड्या धांवत येतात. त्या टिपूं लागल्या कीं ती मनांतल्या मनांत मोजते. अकरा भरतात, बारावी भरत नाहीं. मग बॅटरी घेऊन शोध सुरू होतो, आणि बहुधा करवंदीच्या जाळीखालीं मूठभर पिसें तेवढीं सांपडतात.

शहरांत वाढलेल्या माणसाला एका कोंबडीचा एवढा शोक अतिरेकाचा वाटेल. परंतु भात, काजू आणि आंबा यांचा पैसा घरधन्याच्या हातांतून फिरतो, आणि कोंबड्या-अंडीं हें पुष्कळ घरांत बाईचें स्वतःचें धन मानलें जातें. मुलाच्या वह्या, माहेरीं जाण्याचें एस्. टी. चें भाडें, पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी हे खर्च त्यांतून परस्पर भागतात. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंडीं उबवते, दहाबारा पिलें घेऊन दिमाखानें अंगणांत उतरते, आणि महिना सरतां सरतां त्यांतलीं तीन उरतात. तेव्हां बुडतो तो बाईचा हंगाम.

चोरीचा पहिला आळ घारीवर येतो, कारण ती दिसते. भर दुपारीं झेप घालणारी घार किंवा शिक्रा साऱ्या घराच्या डोळ्यांसमोर गुन्हा करतो. पण त्या झेपेंत एकच पिलूं जातें. अधिक नुकसान करणारे चोर पुढें येत नाहींत. ते मागें राहिलेल्या खुणांवरून ओळखावे लागतात. अंडें टरफलासकट नाहींसें झालें, तर सापाचा संशय घ्यावा. नाग अंडीं अख्खीं गिळतो. लहान पिलें रात्रींतून एकेक कमी होत गेलीं आणि भिंतीच्या बुडाशीं ताजी माती उकरलेली दिसली, तर घूस. पांचसहा कोंबड्या फाडून टाकलेल्या, पण खाल्लेली एकही नाहीं, असें दिसलें तर रानाकडे बोट दाखवूं नये. बहुधा वाडींतलींच मोकाट कुत्रीं दोषी असतात. आणि अंगावर जखमच नसतांना कोंबड्या मरून पडूं लागल्या, तर तो चोर नव्हे, राणीखेतसारखा रोग असण्याचा संभव अधिक. त्यावर उपाय लस हा आहे, जाळी नव्हे.

मुंगुसाचा मामला वेगळा. बहुतेक चोरटीं जनावरें रात्रीं फिरतात. मुंगूस हें दिवसाचें जनावर आहे. आषाढांत भाताच्या लावणीसाठीं सारें घर शेतावर गेलेलें असतें, गवत गुडघाभर वाढून थेट परड्याला भिडलेलें असतें, आणि सरींच्या आवाजांत कोंबड्यांचा ओरडा शेजारघरींही ऐकूं जात नाहीं. मुंगुसाला याहून सोयीचा मुहूर्त कोणता? म्हणून खुराड्याभोंवतालचें गवत दहाबारा हातांपर्यंत कापून मोकळें ठेवणें हा पावसाळ्यांतला पहिला उपाय होय. उघड्यावरून येण्यास मुंगूस कचरतें.

रात्रीची पाळी रानमांजराची, जवादी मांजराची आणि कांडेचोराची. कांडेचोर म्हणजे उदमांजर; हें जनावर मुख्यतः फळांवर जगतें, झाडांवर आणि कौलांवरून फिरतें, आणि संधि मिळाल्यास कोंबडीही सोडीत नाहीं. असलें एखादें जनावर बंद खुराड्यांत शिरलें कीं सकाळीं कधीं कधीं सातआठ कोंबड्या मेलेल्या आढळतात, आणि नेलेली असते एकच. लोक याला क्रौर्य म्हणतात. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञानें १९७२ सालीं या प्रकारावर एक निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर अतिशय काळोख्या रात्रीं कोल्हे गरजेहून कितीतरी अधिक कुरव पक्षी मारून टाकीत, कारण त्या अंधारांत ते पक्षी उडून जात नसत. शिकारी जनावराची उपजत बुद्धि पळणाऱ्या भक्ष्याशीं जुळलेली असते. भक्ष्य पळालेंच नाहीं तर मारण्याची क्रिया थांबत नाहीं. कोंबडीला अंधारांत फारच कमी दिसतें. ती बसल्या जागीं बसून राहते. तेव्हां ज्या खुराड्यांत चोराला शिरतां येतें आणि कोंबडीला पळतां येत नाहीं, तें खुराडें नसण्यापेक्षां वाईट.

दिवसा मात्र कोंबड्यांचा स्वतःचा पहारा चांगला असतो. पीटर मार्लर व त्यांचे सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, कोंबडा आकाशांतील शत्रूसाठीं एक आवाज काढतो आणि जमिनीवरील शत्रूसाठीं दुसरा. पहिला बारीक आणि लांबट. तो ऐकतांच कोंबड्या आडोशाला धांवतात किंवा जागच्या जागीं दबतात. दुसरा तुटक कलकलाट. त्यानें त्या माना उंच करून पाहूं लागतात. पण धांवण्यास आडोसाच नसेल तर इशाऱ्याचा उपयोग काय? हल्लीं परडें साफ करून फरशी घालण्याची हौस वाढली आहे. जास्वंदीची एक रांग, केळीचें बेट, टेकवून ठेवलेल्या दोन झावळ्या, एवढ्यानेंही पिलें घारीपासून वांचतात. कोंबडी लपेल इतकी जास्वंद अंगणांत हवी. जनावर लपेल इतकें गवत खुराड्यापाशीं नको.

जुन्या घरांत रात्रीची अडचण कमी होती. बांबूचें विणलेलें, टोपलीसारखें पालथें घालण्याचें डालगें पडवींत असे. कोंबड्या त्याखालीं, वर एक जड दगड, आणि चार हातांवर घरचीं माणसें निजलेलीं. चोराला माणसाचा वास आणि म्हाताऱ्याचा खोकला दोन्ही आडवे येत. पुढें शेणानें सारवलेली पडवी गेली, गुळगुळीत लाद्या आल्या, आणि कोंबड्यांची घाण घरांत खपेनाशी झाली. डालगें परड्याच्या टोंकाला गेलें. मग त्याची जागा फळकुटांच्या पेटीनें घेतली. स्वच्छतेच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. परंतु माणसाच्या शेजाराचा पहारा त्याबरोबर उठला, याचा हिशेब कोणी केला नाहीं. तो आतां बांधकामानें भरून काढावा लागतो.

येथें बाजारांतल्या षट्कोनी जाळीवर फार भरंवसा टाकला जातो. ती कोंबडी आंत ठेवण्यासाठीं आहे, शत्रु बाहेर ठेवण्यासाठीं नव्हे. कुत्रें ती ओढून फाडतें, आणि साप तिच्या छिद्रांतून जातो. पिलूं गिळून फुगलेल्या सापाला मात्र त्याच छिद्रांतून बाहेर पडतां येत नाहीं, आणि सकाळीं दार उघडणाऱ्या बाईचा हात त्याच्याजवळ जातो. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्ड केलेली जाड जाळी महाग पडते. म्हणून ती झरोक्यांपुरती लावावी आणि भिंती जांभ्या चिऱ्याच्या कराव्या. चिरा रत्नागिरींत मुबलक आहे. तळाला कोबा केला कीं घुशीची वाट बंद होते. कोबा परवडत नसेल तर जाड जाळीचा हातभर रुंद पट्टा भिंतीच्या बुडाशीं, बाहेरच्या बाजूस, जमिनींत आडवा पुरावा. उकरणारें जनावर भिंतीला खेटूनच उकरतें, आणि जाळी लागली कीं अडतें. कौलांखालीं जाळी असावी. एक कौल सरकलें कीं कांडेचोराला वाट झाली. दाराला कडी असावी, दोरी नसावी.

कित्येकांना याहून सोपा मार्ग सुचतो: विष घालणें किंवा फासकी लावणें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मुंगूस, रानमांजर, नाग, धामण यांस मारणें हा गुन्हा आहे. आणि फासकी चोर निवडून धरीत नाहीं. तारेच्या फासक्यांत बिबटे अडकल्याच्या बातम्या या जिल्ह्यांतून वारंवार आल्या आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी सौदा तोट्याचाच. धामण उंदरांवर जगते. उंदीर माडावरचे नारळ पोखरतात, कणग्यांतलें भात खातात, आणि त्यांच्या मुतानें दूषित झालेल्या चिखलपाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. त्या तापानें कोंकणांत माणसें दगावलीं आहेत. वर्षाकांठीं एखादें पिलूं गेलेंच, तर तो धामणीचा पगार समजावा.

गांवच्या राखणदाराला गुरांमाणसांच्या रक्षणासाठीं वार्षिक राखण देतात, तेव्हां बळी कोंबड्याचाच जातो. कोंबड्यांच्या राखणीचें काम मात्र देवाकडे नाहीं, बाईकडे आहे. आणि त्या कामांत सर्वांत मोठी चूक वेळेची होते. रत्नागिरींत जूनअखेर सूर्य सव्वासातच्या आगेंमागें मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. घड्याळ पाहून रोज सव्वासातला खुराडें लावणाऱ्या घराचें पावसाळ्याच्या आरंभीं ठीक चालतें. हिवाळ्यांत तेंच दार काळोखांत तासभर उघडें राहतें; आणि कोंबड्या तर सूर्याबरोबरच आंत येऊन बसलेल्या असतात.