जर्मनीत उतरायचं कुठं?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला 'परदेश आणि आपण' असा भारदस्त विषय दिला होता. मी तो परस्पर छोटा करून घेतला आहे, सरांनी रागवू नये. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्यापैकी कितीतरी जणांचे फोन मला एकाच कारणासाठी आले. पोरगं नाहीतर पोरगी जर्मनीत शिकायला गेली आहे, कुणाची आखेनला, कुणाची माग्डेबुर्गला, कुणाची श्टुटगार्टला. आता आम्ही दोघं भेटायला निघालोय, चार दिवस एखादं मोठं शहरही बघून घ्यावं म्हणतो, तर उतरावं कुठं? मी सॉफ्टवेअरच्या कामासाठी बरीच वर्षं तिकडं ये-जा करते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडं येतो. फोनवर दहा मिनिटांत सांगून भागत नाही. आज माईक हातात आहे.

"पोराच्या खोलीवरच राहू" हे पहिलं मनातून काढा. विद्यार्थी वसतिगृहातली खोली म्हणजे एक पलंग, एक टेबल आणि बऱ्याचदा चौघा-पाचजणांत एक स्वयंपाकघर. पाहुणा किती रात्री ठेवायचा याचे नियम असतात. शिवाय व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे अडकवू नका. रद्द केलं तर सगळे पैसे परत, अशीच खोली आधी धरून ठेवा. दहा-वीस युरो जास्त पडले तरी चालतील.

आता मुद्दा. सगळे मला आधी हॉटेल किती स्टारचं आणि भाडं किती ते सांगतात. मी विचारते, ते आहे कुठं? आपल्या तुकडीला हा प्रश्न समजावून सांगायची गरज पडू नये. भूकंपाच्या वर्षी आपण सातवीत होतो. पत्र्याच्या शेडमधून नव्या गावात गेलो तेव्हा घरं सरळ रेषेत होती, रस्ते जुन्या गल्ल्यांच्या कितीतरी पट रुंद होते, नकाशावर सगळं देखणं होतं. आणि माझी आजी म्हणायची की इथं दारातून हाक मारली तर कुणाला ऐकू जात नाही. शेत लांब पडलं, दुकान लांब पडलं, ज्यांच्याकडं उठता-बसता विरजण मागायचं ती माणसं दुसऱ्याच टोकाला गेली. बावन्न गावं अशी नव्या जागी बसली, त्यातल्या कुणालाही विचारा. घर चांगलं असणं ही एक गोष्ट आणि ते कशाजवळ आहे ही दुसरी. तुळजापूरला म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलो तर आपण देवळापासून चालत किती, एवढंच बघतो की नाही? जर्मनीतही तेच बघायचं.

तिथं 'देऊळ' म्हणजे रेल्वे स्टेशन धरा. आपल्याकडं स्टेशनजवळचं लॉज म्हटलं की घरची माणसं नाक मुरडतात. तिकडं मुख्य स्टेशनाला हाउप्टबानहोफ म्हणतात आणि बहुतेक शहरांत त्याच्या आसपास उतरणं सोयीचं असतं. कोलोनला तर स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की समोर १५७ मीटर उंचीचं कॅथेड्रल. सामान ओढायचं नाही, टॅक्सी नाही, आणि दुपारी गुडघे बोलायला लागले की खोलीवर येऊन तासभर पडता येतं. ही दुपारची तासभराची झोप हिशेबात धराच. शहराबाहेर ७० युरोला खोली मिळते आणि आत ९५ ला, म्हणून लोक बाहेरची घेतात. बर्लिनमध्ये एका माणसाचं दिवसाचं तिकीट दहा युरोच्या आसपास आहे. दोघांचे वीस झाले, जाऊन-येऊन दीड तास गेला, आणि दुपारची झोप गेली ती वेगळीच. वाचले किती? पाच युरो.

पण स्टेशनचा नियम सगळीकडं डोळे झाकून लावू नका. फ्रँकफर्टला स्टेशनसमोरचा भाग अमली पदार्थांच्या उघड्या व्यवहारासाठी बदनाम आहे. दिवसा माणूस चालून जातो, पण रात्री आई-वडिलांना घेऊन मी तिथं उतरणार नाही. नदीपलीकडं झाक्सेनहाउझेन नावाचा भाग आहे, तिथं संग्रहालयं नदीकाठानं ओळीत आहेत आणि पूल ओलांडला की जुनं शहर. तिथं बघा. आणि तिकीट काढताना एक काळजी. फ्रँकफर्ट दोन आहेत, एक माइन नदीवरचं आणि दुसरं पार पोलंडच्या सीमेवर ओडर नदीवरचं. फ्रँकफर्ट-हान नावाचा एक विमानतळही आहे, तो फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर लांब. आपल्याकडं किल्लारीला उतर म्हटलं की जुनी की नवी हे विचारावं लागतं, तसंच समजा.

बर्लिनचा हिशेब आणखी वेगळा. तिथलं मुख्य स्टेशन २००६ मध्ये सुरू झालं. काचेचं, बघण्यासारखं आहे, पण आजूबाजूला बरीचशी सरकारी आणि कंपन्यांची कार्यालयं. बर्लिनला एकच मध्य नाही, कारण ते शहर अठ्ठावीस वर्षं भिंतीनं कापलेलं होतं आणि दोन्ही बाजूंनी आपापला मध्य तयार केला. पूर्वेला अलेक्झांडरप्लाट्झ, पश्चिमेला झू स्टेशनचा परिसर. शहराभोवती रेल्वेचं एक कडं आहे, रिंगबान, सुमारे ३७ किलोमीटरचं. गाडी तासाभरात पूर्ण फेरी मारते. या कड्याच्या आतला भाग म्हणजे तिकिटाचा 'ए' विभाग. कड्याच्या आत, आणि एस-बान किंवा ऊ-बानचं स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर, एवढं जुळलं की भागाचं नाव काय याची चिंता करू नका. विमानतळ 'सी' विभागात येतो, त्या दिवशी तिकीट तसं घ्या. खोलीभाड्यावर बर्लिन शहर २०२५ पासून साडेसात टक्के कर घेतं. तो आधी दाखवलेल्या भाड्यात धरलाय का, हे विचारून ठेवा.

म्युनिकबद्दल एकच सांगते: तारीख बघा. ऑक्टोबरफेस्ट नावात ऑक्टोबर असला तरी सुरू होतो सप्टेंबरच्या मध्यानंतर, आणि त्या दिवसांत साध्या खोलीचं भाडं दुप्पट-तिप्पट होतं. पोरांना नेमकी तेव्हाच सुट्टी असेल आणि जायचंच असेल तर आउग्सबुर्गला उतरा, तिथून गाडीनं पाऊण तास. तशीच तिकडची मोठी व्यापारी प्रदर्शनं, त्यांना 'मेसे' म्हणतात. हानोफरला एप्रिलमध्ये उद्योगांचं, फ्रँकफर्टला ऑक्टोबरमध्ये पुस्तकांचं, कोलोनला ऑगस्टमध्ये संगणकावरच्या खेळांचं. एखाद्या शहरात अचानक एकही स्वस्त खोली दिसेना तर आधी मेसे आहे का ते बघा आणि चार दिवस पुढं-मागं सरका.

माझं स्वतःचं आवडतं शहर ड्रेस्डेन. तिथं स्टेशनं दोन, एल्ब नदीच्या दोन बाजूंना. मी नॉयश्टाटच्या बाजूला उतरते, म्हणजे जुनं शहर बघायला पुलावरून चालत जावं लागतं. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिथलं फ्राउएनकिर्श हे चर्च कोसळलं आणि त्याचा ढिगारा चाळीसहून जास्त वर्षं तसाच पडून होता. २००५ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. ढिगाऱ्यातले जुने दगड त्यांनी शक्य तिथं परत बसवले. ते काळे पडलेले आहेत, नवे पिवळसर आहेत, त्यामुळं जुनं कुठलं ते लांबूनही ओळखू येतं. आपल्या माळवदांचे दगड आपण कुठं-कुठं लावले, आठवतं ना? मी त्या भिंतीजवळ बराच वेळ बसले होते. असो, मुक्कामाबद्दल बोलत होते.

खोलीतलं थोडं. बऱ्याच साध्या हॉटेलांत एसी नसतो आणि पंखाही नसतो. जुलैत निघणाऱ्यांनी विचारूनच खोली घ्यावी. दोघांच्या पलंगावर पांघरुणं दोन वेगवेगळी असतात, भांडण नको म्हणून असेल. संडासात पाण्याची सोय नसते, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाकाच. नाश्ता बऱ्याचदा वेगळ्या पैशांचा असतो, आणि त्यात शाकाहारी माणसाच्या वाट्याला पाव, चीज आणि फळं येतात. मधुमेहवाल्यांनी किंवा भाकरीशिवाय न भागणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, आपलं पीठ-मीठ न्यावं. मात्र फोडणी देताना खिडकी उघडा. छताला धुराचा भोंगा असतो, त्याला आपल्या लाल मिरचीची ओळख नाही. रविवारी दुकानं बंद, उघडी असतात ती मोठ्या स्टेशनांवरची. रविवारी पोचणार असाल तर स्टेशन जवळ हवं, याचं हे आणखी एक कारण.

इथं गुरुजन बसलेत म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. स्वस्त मुक्कामासाठी तिकडं युगेंडहेर्बर्ग आहेत, म्हणजे यूथ हॉस्टेल. ही कल्पनाच एका जर्मन शाळामास्तराची. रिखार्ड शिरमान नावाचे शिक्षक १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळात सापडले आणि रात्र त्यांनी एका गावच्या शाळेत काढली. सुट्टीत देशभरातल्या शाळा रिकाम्या पडतात, तिथं पोरांना झोपू द्यायला काय हरकत आहे, असं त्या रात्री त्यांच्या मनात आलं. पुढं आल्टेनाच्या किल्ल्यात त्यांनी असं कायमचं वसतिगृह केलं आणि ते जगभर पसरलं. नावात 'यूथ' असलं तरी आपल्यासारखे पन्नाशीकडं झुकलेलेही उतरतात, कुटुंबाच्या खोल्याही असतात. सभासदत्व लागतं, ते भारतातल्या यूथ हॉस्टेल संघटनेचं चालतं. शाळेत झोपायची आपल्याला सवय आहेच.

आता मजला. जुन्या इमारतीतल्या खोल्या देखण्या असतात, उंच छताच्या, पण लिफ्ट नसलेल्या कितीतरी आहेत. 'आउफत्सुग' म्हणजे लिफ्ट, हा शब्द लिहून ठेवा. लिफ्ट असली तरी आपल्यापैकी काहीजण वर झोपत नाहीत, हे मला माहीत आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या आईला कोलोनला सहाव्या मजल्यावरची खोली मिळाली, तिनं बॅग उघडलीच नाही. मी खाली जाऊन काउंटरवरच्या मुलीला ३० सप्टेंबर १९९३ बद्दल दोन वाक्यांत सांगितलं. तिनं काही न विचारता पहिल्या मजल्यावरची खोली काढून दिली. आईला धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, इथं आपल्यासारखं होत नाही. पण आईला खोटं सांगवेना, म्हणून पुढचंही सांगितलं: आपल्या दीड वर्ष आधी, १३ एप्रिल १९९२ ला, इथून जवळच नेदरलँड्समधल्या रूरमोंडपाशी मोठा धक्का बसला होता, समोरच्या या कॅथेड्रलचंही नुकसान झालं होतं. किती वाजता, तिनं विचारलं. तीन वाजून वीस मिनिटांनी. "म्हणजे इथंही पहाटेच," ती म्हणाली, आणि चप्पल पलंगाशी दाराकडं तोंड करून ठेवून झोपली. खालचा मजला हवा असेल तर खोली घेतानाच लिहून कळवा. कारण सांगायची गरज नसते.

शेवटचं, घर भाड्यानं घेणाऱ्यांसाठी. तिकडच्या इमारतींत बहुधा फ्लॅटला नंबर नसतो. खाली बेलची पाटी असते आणि प्रत्येक बटणासमोर आडनाव. पत्ता बरोबर असूनही लोक सामान घेऊन दाराशी उभे राहतात, कारण कुणाचं नाव दाबायचं ते माहीत नसतं. आपल्या गावात आडनावावरून घर सापडतं, तसंच तिथंही. निघण्याआधी मालकाला विचारून घ्या: बेलवर नाव काय आहे? ते कागदावर लिहा, मोबाइलवर विसंबू नका, आणि एक प्रत पोराकडं देऊन ठेवा.