जत्रेंतील मावशी आणि घरांतील मुलगा

गुढीपाडव्याच्या सुमारास पुणें-नाशिक रस्त्यानें जाणाऱ्यास नारायणगांवीं तमाशाच्या फडांच्या राहुट्या दिसतात. चैत्र-वैशाखांतील जत्रांच्या सुपाऱ्या देण्यास गांवोगांवचे पंच येथें येतात. खेळाचा आरंभ गणानें होतो. मग गौळण येते, आणि मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणींबरोबर ‘मावशी’ असते. ही मावशी म्हणजे लुगडें नेसलेला पुरुष. तिच्या मुरडण्यावर आणि टोमण्यांवर सारी जत्रा खूष असते. देवाच्या नांवानें भरलेल्या जत्रेंत हें चालतें. देवास त्याचा विटाळ होत नाहीं.

मावशी करणारा पुरुष समलिंगी असतो असें मुळींच नव्हे. परंतु जें जत्रेंत कौतुकाचें, तेंच मुलाच्या चालण्याबोलण्यांत दिसलें, किंवा आपलें प्रेम पुरुषावर आहे असें त्यानें सांगितलें, कीं घराचा धर्म एकदम जागा होतो. अंगारा, नवस, देवऋषी, मग शहरांतील डॉक्टर; आणि कोणाचाच गुण आला नाहीं म्हणजे ‘लग्न करून द्या, आपोआप सुधारेल.’

डॉक्टरांपुरता प्रश्न मिटलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालीं समलिंगी आकर्षण रोगांच्या यादींतून काढलें. सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें ऑगस्ट २०२२ मध्यें ही ओढ बदलण्याचा उपचार, म्हणजे ‘कन्व्हर्शन थेरपी’, व्यावसायिक गैरवर्तन ठरविला. पाश्चात्य देशांत विजेचे झटके आणि ओकारीचीं औषधें देऊन पाहिलीं गेलीं. हातीं आली ती मनाची नासाडी. प्रार्थनेच्या बळावर तेंच करूं म्हणणारी ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही अमेरिकन ख्रिस्ती संस्था २०१३ सालीं क्षमा मागून बंद झाली.

पण देवऋष्यास कोणती परिषद नोंदणींतून काढणार? महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें भूत उतरविण्याच्या निमित्तानें होणारी मारझोड गुन्हा ठरली, हें उत्तमच. आईचे उपास आणि अबोला मात्र कोणत्याच कलमांत बसत नाहींत.

येथें सुधारकांनाही एक सांगावयाचें आहे. असा मुलगा पुष्कळदां स्वतः श्रद्धाळू असतो. ‘देव सोड, म्हणजे सुटशील’ असें त्यास बजावणें, हीही त्याला बदलण्याचीच एक चिकित्सा झाली. ज्ञानेश्वरांनीं विरहिणीच्या मुखानें अभंग रचले, एकनाथांनीं गौळणी लिहिल्या. त्यावरून संतांच्या खासगी जीवनाचे तर्क करणें हा वेडेपणा होय. परंतु पुरुषाच्या मनास एकच सांचा असतो, अशी शिकवण त्यांत दिसत नाहीं. मुलास देव्हाऱ्यापाशीं बसावेंसें वाटत असेल तर बसूं द्यावें. तेथून त्याला उठविण्याचा अधिकार घरच्यांना कोणी दिला?

या साऱ्या उपायांत मला भय वाटतें तें लग्नाचें. अंगारा एकाच्याच कपाळीं लागतो. लग्नांत दुसऱ्या घरची मुलगी औषध म्हणून आणली जाते, आणि औषध कशावर हें तिला कोणी सांगत नाहीं. दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाहीं म्हणजे नवस तिच्या नांवानें बोलले जातात, आणि त्याच देवऋष्याकडे आतां तिला नेतात.