मानेवरील काळी वळी
(पेडगाव येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



प्रथम एक अपराध कबूल करतो. शिक्षक असताना, मान मळकट ठेवल्याबद्दल मी एका मुलास वर्गाबाहेर उभे केले होते. त्याची आई रोज वजरीने ती मान घाशीत असे, हे मला मागाहून कळले. तो मळ नव्हताच.

मान, काख, जांघ येथील कातडी काळवंडून मखमलीसारखी जाड होते, ती बहुधा रक्तात इन्सुलिन वाढल्यामुळे. घासण्याने वा लिंबू-सोडा चोळण्याने ती सोलवटते व अधिकच काळी पडते. गोरेपणाच्या मलमांविषयी न बोललेलेच बरे. काहींत स्टेरॉइड असते. घरी करावयाचे ते एवढेच: साखर कमी, रोज चालणे, वाढलेले वजन उतरविणे. डाग फिका पडण्यास महिनोन्‌महिने लागतात. रक्तातील साखर मात्र आधी तपासून घ्यावी. मुलगा सडपातळ आहे म्हणून हे टाळू नये. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगीही चरबी अधिक असू शकते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले आहे. त्यांचा पुण्याजवळील खेड्यांतील अभ्यास १९९३ साली सुरू झाला. प्रौढ माणसास असे डाग अचानक उठले, तळहातावर वा ओठांवर आले, अंग झडू लागले, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

आणि मुलगी पाहावयास गेल्यावर तिच्या मानेकडे पाहून नाक मुरडू नये, ही विनंती.

तो मुलगा आज या मांडवात असल्यास त्याची मी येथेच क्षमा मागतो.